ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या नवीन शिक्षकांसाठी

ताई, सहावी ते आठवीला ऑनलाइन शिकवायचंय ना, मग लिंक पाठवायची घाई नको, आधी प्रत्येक घरी फोन लावून विचारा की स्मार्टफोन कोणाकडे असतो, किती वाजता घरी येतो, रिचार्ज परवडतो का. बऱ्याच घरात फोन एकच आणि तो वडलांबरोबर कामावर जातो, मग सकाळी दहाच्या लाइव्हला अर्धी पोरं येणारच नाहीत. 2020 मधे टीव्हीवर सह्याद्री चॅनलला टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, पहिली ते आठवीसाठी, फोन नसलेल्या घरांना त्याचा खरंच आधार होता.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात पण अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकू नका, डेटा संपतो, लागतात तेवढ्या पानांचे फोटो आणि छोटा व्हॉइस मेसेज पुरे. वहीचा फोटो रात्री आला तरी घ्या.

कॅमेरा बंद ठेवला म्हणून ओरडू नका प्लीज, एका खोलीत सगळं घर असतं, या वयात लाज वाटते. आणि सातवी-आठवीच्या मुलींकडे जास्त लक्ष द्या, शाळा बंद झाली की घरकाम, धाकटी भावंडं सगळं त्यांच्यावरच पडतं. आईला शिकवायला सांगू नका, रोज तासभर मुलीला मोकळं सोडा एवढंच मागा. मूल दोन-तीन दिवस गप्प झालं तर मेसेज नको, थेट फोन करा.