वाचक विचारतात : घरबसल्या ट्रक चालवा, पण निवांत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी ट्रक सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याच्या खेळांविषयी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांचा रोख ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’कडे आहे. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने तो २०१२ साली आणला. त्याच कंपनीचा ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ २०१६चा. खालची बरीचशी उत्तरं दोन्ही खेळांना लागू पडतात.

मुलगा ऐरोलीला नोकरीला आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला वैतागून घरी येतो आणि जेवण झालं की कॉम्प्युटरवर पुन्हा ट्रकच चालवत बसतो. यात विश्रांती ती कसली?
*– एक वाचक, कासारवडवली*

माजिवड्याच्या पुलाखाली क्लच-ब्रेक करत बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. पुढची गाडी कधी हलेल, रिक्षा कुठून घुसेल, घरी किती वाजतील, सगळंच दुसऱ्यावर अवलंबून. खेळात रस्ता मोकळा असतो, पल्ला ठरलेला असतो आणि माल उतरवला की काम संपतं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ज्या तल्लीनतेला ‘फ्लो’ म्हटलं, तिची अट अशी की कामाची अवघडता आणि आपलं कौशल्य यांचा मेळ बसायला हवा. काम फार सोपं असलं तर कंटाळा येतो, फार अवघड असलं तर धास्ती वाटते. लेन धरून चालणं, अधूनमधून आरसे बघणं, चढावर वेग सांभाळणं यात हात आणि डोळे गुंतून राहतात, डोक्यावर मात्र भार येत नाही.

वेळेची काळजीही फार करू नका. खेळातला नकाशा साधारण १:१९ या प्रमाणात लहान केलेला आहे आणि हमरस्त्यावर घड्याळही त्याच हिशेबाने पळतं. त्यामुळे ५०० किलोमीटरची खेप प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास संपते. जेवणानंतर एक खेप आणि मग बंद, एवढा नियम घरात पुरेसा आहे.

एक मात्र खरं : सेटिंग न बदलता चालवला तर हाच खेळ डोक्याला ताप होऊ शकतो. पुढचे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

कीबोर्डवर चालवताना ट्रक सापासारखा वळवळतो आणि मनगट भरून येतं. स्टिअरिंग व्हील घ्यावं का?
*– एक वाचक, खारघर*

कीबोर्डला मधलं काही कळत नाही. बटण दाबलं की चाक वळतं, सोडलं की सरळ होतं. ९०च्या वेगाला एक अंश वळवायचं असताना पाच अंश वळतं, मग उलटं बटण, मग पुन्हा सुलटं. व्हील घेण्याआधी फुकटचे दोन उपाय करून बघा. कंट्रोल्समध्ये जाऊन स्टिअरिंगची संवेदनशीलता कमी करा आणि गेमप्लेमध्ये ब्रेकची तीव्रता खाली आणा. तरीही जमलं नाही तर माऊसने स्टिअरिंग करण्याचा पर्याय निवडा. आठवडाभरात हात बसतो. घरात गेमपॅड (दोन्ही हातांत धरायचा, छोट्या काड्यांचा कंट्रोलर) असेल तर तो त्याहून बरा. त्यात स्टिअरिंगची नॉन-लिनिअॅरिटी वाढवली की काडी मध्याजवळ हलवल्यास चाक अगदी थोडं वळतं, आणि सरळ रस्त्यावर तेच हवं असतं.

व्हील घ्यायचंच ठरलं तर ते किती अंश फिरतं हे आधी बघा. १८० किंवा २७० अंशांची स्वस्त व्हील शर्यतीला चालतील, ट्रकला नाही. ९०० अंशांचं व्हील म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. लॉजिटेक जी२९ किंवा थ्रस्टमास्टर टी१५० या वर्गातली व्हील एवढी फिरतात आणि त्यांना फोर्स फीडबॅकही असतो, म्हणजे मोटर चाकाला विरोध करते. खेळात फीडबॅक भरपूर ठेवला तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. तो निम्म्याखाली आणा, मध्यावर परत येण्याचा जोर मात्र ठेवा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खरी अडचण फरशीची. गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक दाबला की पेडल पुढे पळतात आणि चाकांची खुर्ची मागे. पेडल भिंतीला टेकवून ठेवा, मध्ये जागा उरत असेल तर लाकडी फळी घाला. खुर्ची बिनचाकांची घ्या. हे केलं नाही तर महागातलं व्हीलही वाया जातं.

माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. खेळ अडखळतो आणि थोड्या वेळात डोकं गरगरतं.
*– एक वाचक, कळवा*

आधी आरशांकडे बघा. प्रत्येक आरशासाठी मागचं दृश्य वेगळं काढावं लागतं, म्हणून आरशांचा दर्जा आणि अंतर सगळ्यात खाली आणलं की लगेच फरक पडतो. मग सावल्या, मग झाडी. स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचं ते) १०० टक्क्यांवर ठेवा, तरी अडखळलं तर ७५. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी बसवून घ्या. अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. खेळताना चार्जर लावलेला हवा.

गरगरण्याचं कारण बहुतेक वेळा असं : डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही. चित्र अडखळलं की त्यात भर पडते, म्हणून सेकंदाला कधी ५५ तर कधी २० फ्रेम (चित्रं), यापेक्षा सलग ३० बऱ्या. वळताना आणि इंडिकेटर देताना कॅमेरा आपोआप फिरतो, ते दोन्ही पर्याय शून्यावर आणा. एफ४ दाबून सीट मागे घ्या, दृश्याची रुंदी (फील्ड ऑफ व्ह्यू) थोडी वाढवा.

डिलिव्हरीला उशीर, सिग्नलचा दंड, मध्येच ड्रायव्हरला झोप. आराम मिळतच नाही!
*– एक वाचक, सानपाडा*

कामाच्या यादीत ‘अर्जंट’ खेपा दिसल्या तरी सोडा, साध्या मुदतीच्याच घ्या. सुरुवात क्विक जॉबने करा. त्यात ट्रक आणि डिझेल कंपनीचं असतं, कर्जाचा प्रश्न येत नाही. खेळातल्या आपल्या कंपनीचं मुख्यालय ब्रिटनमधलं निवडा, उदाहरणार्थ बर्मिंगहॅम. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असल्याने निम्मा गोंधळ तिथेच संपतो. हात बसल्यावर डोव्हरहून फेरीबोटीने फ्रान्समधल्या कॅलेला जा आणि उजव्या बाजूची सवय करा.

वेगमर्यादक चालू ठेवा. ट्रक ९०च्या पुढे जात नाही आणि वेगाचा दंड बराच कमी होतो. मोकळ्या हायवेवर ‘सी’ दाबून क्रूझ लावा, म्हणजे वेग आपोआप कायम राहतो. उतारावर ‘बी’ने इंजिन ब्रेक लावा, म्हणजे २० टनांचा माल मागून ढकलत असतानाही पाय ब्रेकवर खिळून राहत नाही. थकव्याचा हिशेब खेळातल्या साधारण ११ तासांचा आहे, म्हणजे हमरस्त्यावर आपली सुमारे ३५ मिनिटं. तो गेमप्लेमधून बंद करता येतो. आमचं मत, ठेवावा. पार्किंगचं चिन्ह दिसलं की गाडी बाजूला घ्या आणि त्या थांब्यावर तुम्हीही खुर्चीतून उठा, पाणी प्या. दंड मात्र पहिला महिना खुशाल बंद ठेवा.

ट्रेलर रिव्हर्स काही केल्या जमत नाही.
*– एक वाचक, डोंबिवली*

माल उतरवताना खेळ तीन पर्याय देतो : पार्किंग टाळणे, सोपी जागा, अवघड जागा. थकलेल्या दिवशी सरळ टाळा, फक्त अनुभवाचे गुण जातात. शिकायचं असेल तर १३.६ मीटरचा नेहमीचा एकच ट्रेलर घ्या. आखूड ट्रेलर झटकन तिरपा होतो, जोडट्रेलरच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

जागा ड्रायव्हरच्या बाजूला येईल अशी गाडी आणा, म्हणजे खिडकीतून शेपूट दिसतं. जागेच्या पुढे एक ट्रेलरभर जाऊन गाडी सरळ उभी करा. आता हात चाकाच्या तळाशी धरा. शेपूट ज्या दिशेला न्यायचं त्याच दिशेला हात सरकवा, चाक आपोआप उलट वळतं. ट्रेलर वळायला लागला, की तिथेच न थांबता चाक हळूहळू उलटं फिरवून केबिन त्याच्या मागे घ्या. शिकाऊ माणूस इथेच चुकतो. ट्रेलर पुरेसा वळल्यावर सुधारायला जातो, तोवर कोन इतका अरुंद होतो की केबिन ट्रेलरला टेकते. असं झालं की मागे ढकलू नका, पुढे घेऊन सरळ करा आणि परत या. वेग पाचच्या आत. एफ२ने मोठे आरसे उघडतात, ते उघडे ठेवा.

ट्रक चालवताना मराठी गाणी लावता येतील का?
*– एक वाचक, नेरूळ*

येतील. डॉक्युमेंट्समध्ये खेळाच्या नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या ‘म्युझिक’मध्ये एमपी३ किंवा ओजीजी फायली टाका आणि ट्रकच्या रेडिओत प्लेअर निवडा.

या सरावावर अवजड वाहनाचं लायसन्स लवकर मिळेल का?
*– एक वाचक, कळंबोली*

आरसे बघण्याची सवय आणि वळताना ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात ही जाण उपयोगी पडेल. एअर ब्रेकचा अंदाज आणि भरलेल्या गाडीचं वजन खेळात कळत नाही. कायद्याने ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण हवं आणि शिकाऊ लायसन्स मागण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं हवं. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचा दाखला) आणि डॉक्टरांचा फॉर्म १-ए (वैद्यकीय दाखला) लागतो. कळंबोली पनवेल आरटीओच्या हद्दीत येते, अर्ज लायसन्ससाठीच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा.