घरच्यांसोबतच्या सहलीत सगळं बिनसलं, तर ते हसण्यावारी कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की दर सहलीत काहीतरी होतंच. गाडी बंद पडते, बुकिंग चुकतं, मग गाडीत अबोला आणि घरी पोचेपर्यंत कुणी कुणाशी धड बोलत नाही. इतर कुटुंबं मात्र कशी हसतखेळत फिरतात, आणि असल्या प्रसंगात विनोद नि कृतज्ञता ती कुठून आणतात, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं सांगते, ती इतर कुटुंबंही गाडीत भांडतच असतात. फोटोपुरती थांबतात, एवढंच.

दुसरं, त्या क्षणी विनोद आणायला जाऊच नका. घाटात इंजिनातून धूर निघत असताना "चला, एक आठवण झाली!" म्हणणाऱ्या माणसाला तिथंच उतरवून पुढे जावंसं वाटतं. हसू मागाहून येतं. पण ते यायला हवं असेल तर त्या वेळी काही वाक्यं गिळावी लागतात. कुठली, ते आमच्या अष्टविनायकावरून सांगते.

आम्ही साताऱ्याचे. दिवाळीच्या सुट्टीत टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. सासूबाई, सासऱ्यांची बहीण म्हणजे आमच्या आत्या, मी नि आमचे हे, दीर-जाऊ, नणंद, आणि सगळ्यांची मिळून पोरंटोरं. आत्यांचं म्हणणं, यात्रा शास्त्राप्रमाणे व्हायला हवी. शास्त्राचा क्रम असा: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि सांगतेला परत मोरगाव. नकाशावर बोट फिरवून बघा. सिद्धटेक अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, पाली-महड थेट घाटाखाली रायगडात, आणि तिथून पुन्हा वर पुण्याकडे थेऊर. पूर्वी पायी जाणाऱ्यांनी हे कसं केलं असेल देव जाणे. आता बहुतेक लोक सोयीचा क्रम धरतात. आत्यांशी आठवडाभर वाटाघाटी चालल्या आणि शेवटी त्या एका अटीवर राजी झाल्या: बाकी काहीही करा, पण शास्त्रातला तिसरा पाली आधी आणि चौथा महड नंतर, ह्यात उलटसुलट चालणार नाही.

पहिला दिवस बरा गेला. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडानं नणंदेच्या हातातली पिशवी पळवली. प्रसाद दुसऱ्या पिशवीत होता, हिच्यात होत्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. माकडानं कठड्यावर बसून एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, एखाद्या औषधविक्रेत्यासारखं, आणि नापसंत करून खाली टाकलं. पोरांनी वेचून आणली. हे लगेच हसण्यासारखं होतं, कारण कुणाचीच चूक नव्हती. अशा वेळी हसायला काही कौशल्य लागत नाही.

दुसऱ्या दिवशी थेऊर करून आम्ही बोरघाट उतरलो. खोपोलीहून पालीकडे वळताना महड हाकेच्या अंतरावर राहिलं. चालकदादांनी विचारलंसुद्धा, "हे आधी करून घ्यायचं का?" मागून आत्या म्हणाल्या, "चौथा!" विषय संपला.

पालीला आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर, मग पोटभर जेवण. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, मोबाइलच्या नकाशात पुढचं ठिकाण टाकलं, इंग्रजीत. आता गंमत अशी की रायगड जिल्ह्यात महडही आहे आणि महाडही आहे, आणि इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच. वरदविनायकाचं महड पालीपासून चाळीसेक किलोमीटर, आल्या वाटेनं मागं. महाड त्याच्या दुप्पट लांब, उलट्या दिशेला. नकाशानं मोठं गाव निवडलं. आमचे चालकदादा माणदेशातले, कोकणात पहिल्यांदाच आलेले. मोबाइल सांगेल तसं ते चालवत राहिले. मागं सगळे जेवून आडवे. ज्या एका माणसानं रस्ता ओळखला असता ती माझी जाऊ. तिचं माहेर कोकणातल्या खेडचं, इकडचे रस्ते तिच्या पायाखालचे. पण तिला गाडी लागते, म्हणून तिनं गोळी घेतली होती आणि ती गाढ झोपली होती. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. त्या रस्त्याच्या खड्ड्यांनीही तिला जाग आली नाही, यावरून त्या गोळीची ताकद ओळखा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास महाडच्या एसटी स्टँडजवळ ती उठली. खिडकीतून बाहेर बघितलं. चेहरा असा काही फुलला, की काय सांगू. म्हणाली, "अगंबाई! आपण माझ्या माहेरी चाललोय का?"

गाडीत कुणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले.

आमचे हे भाऊजींना म्हणाले, "साधा पत्ता टाकता येत नाही तुला?" भाऊजी गप्प झाले. आता इथं ती गिळायची वाक्यं आली. माझ्या ओठांवर होतं की खोपोलीला असतानाच दर्शन घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. ते खरंही होतं. पण त्याचा अर्थ 'आत्यांमुळे झालं' असा झाला असता, आणि आत्यांना ते कळलेलं होतंच. त्या उगाचच पिशवीचा बंद सोडत-बांधत होत्या. नणंदेलाही तेच म्हणायचं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तीही बोलली नाही. चूक कुणाची, हे ज्याला माहीत असायला हवं त्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. दुसऱ्यानं ते मोठ्यानं म्हटलं की मग मात्र त्या प्रसंगावर पुढे कधी हसता येत नाही. आणि आधी चहा प्या. हे मी गंभीरपणे सांगतेय. भुकेल्या माणसांनी घेतलेला कुठलाही निर्णय टिकत नाही.

चहाच्या टपरीवर माझी लेक म्हणाली, "महाड म्हणजे चवदार तळं ना? पुस्तकात आहे." गाव आलंच होतं, मग गेलो. तळ्याच्या मध्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. लेकीनं आजीला नि आत्यांना सगळं सांगितलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण पाण्याला हात कुणी लावू दिला नाही. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. मग मारहाण, मग कोर्टकचेरी, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला.

आत्यांनी बोटांवर हिशेब केला. "ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टात?"

"हो, आजी."

त्या बराच वेळ कठड्याशी उभ्या राहिल्या. आमच्या आत्यांनी आयुष्यभर सोवळं पाळलंय, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. त्या काय विचार करत होत्या ते मी विचारलं नाही, आणि त्याही बोलल्या नाहीत.

तिथून महड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, अंधार पडत आलेला, आणि मंदिर बंद व्हायच्या आत पोचणं अवघड. त्यावर सासूबाई ते वाक्य बोलल्या ज्याच्यावर मराठी माणसाचा अर्धा प्रवास चालतो: "आता एवढं आलोच आहोत तर..."

जावेनं माहेरी फोन लावला. पोलादपूर, कशेडी करत रात्री आठ-साडेआठला खेडला पोचलो. तिचे बाबा बनियनवर ओटीवर बसले होते. गाडीतून एकेक माणूस उतरत होता नि उतरतच होता. ते म्हणाले, "वऱ्हाड कुणाचं म्हणायचं हे?" तिच्या आईनं तोवर कुळथाचं पिठलं, भात, उकडलेली अंडी आणि आत्यांसाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याची भाजी, एवढं केलं होतं. एका फोनवर. अंथरुणं कमी पडली म्हणून शेजारच्या घरातून आली. शेजारीण सोबत वाटीभर लसणीची चटणीही घेऊन आली. ती कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही.

जेवणानंतर भाऊजी स्वतःच म्हणाले, "मी देवाला शोधत होतो, नकाशानं सासुरवाडी दाखवली." तेव्हा सगळे हसले. इतके की बाबा खोकायला लागले. आमचे हेसुद्धा हसले आणि भाऊजींच्या पाठीत एक धपका घातला. त्यांच्यात माफी मागायची पद्धत तीच आहे. आमच्या घरात तेव्हापासून अलिखित नियम झालाय, ज्याच्या हातून घोळ झाला, पहिला विनोद त्याचा. त्यानं केला नाही, तर त्या विषयावर कुणी करायचा नाही. तुम्ही लिहिलंय ना, की तुमच्या घरी हसण्यावरूनच भांडण वाढतं? बघा, तुमच्याकडे आधी कोण हसतं. बहुधा ज्याचं काही बिघडलेलं नसतं तोच.

आता कृतज्ञतेचं. रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा वगैरे सल्ले तुम्हाला मिळालेच असतील. कुणाला उपयोगी पडत असतील तर पडोत, मला तो गृहपाठ वाटतो. 'मला मिळालेल्या आयुष्याबद्दल आभारी आहे' असं लिहून माझ्या मनात काही हलत नाही. पण त्या शेजारणीची चटणी मला आठवते. जावेचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आणि सासरची सगळी माणसं तिच्या माहेरच्या ओटीवर एका पंगतीला बसली ती त्या रात्री पहिल्यांदाच. लग्नातही इतकी बसली नव्हती. ते आम्हाला कधी ठरवून सुचलं नसतं. ती वाढताना ज्या आवाजात "अजून घ्या हो" म्हणत होती, तो आवाज आमच्या घरात मी कधी ऐकला नव्हता. परत आल्यावर आम्ही खेडला कंदी पेढे पाठवले, एक डबा त्या शेजारणीसाठी वेगळा. तिकडून आमसुलं आणि कुळथाचं पीठ आलं. आता ते चालूच आहे. माझ्या लेखी कृतज्ञता म्हणजे असं कुणाला तरी काहीतरी पाठवणं. मनातल्या मनात ठेवली की ती आठवडाभरात विरते.

एक मात्र सांगायला हवं. सगळ्याच गोष्टी हसण्यावारी न्यायच्या नसतात. कुणी आजारी पडलं, पैसे बुडाले, किंवा घरातलं एक माणूस दरवेळी तेच करतं आणि बाकीचे दरवेळी निस्तरतात, तर तिथं 'गंमत म्हणून घ्या' हा सल्ला क्रूर आहे. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, की बुकिंग नेहमी तुम्हीच करता आणि चुकलं की बोलणीही तुम्हीच खाता. ते विनोदानं सुटणार नाही. पुढच्या वेळी बुकिंग दुसऱ्याला करू द्या. चुकेल. चुकू द्या.

आमचं राहिलेलं महड दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. तिथं गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेता येतं, आणि १८९२ पासून तेवता असलेला नंदादीप आहे. आत्यांनी दिव्यात तेल घातलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या की मधे खेड आल्यामुळे क्रम मोडलाय, ही यात्रा धरता येणार नाही, पुढच्या वर्षी परत करावी लागेल. आणि मग माझ्या जावेकडे वळून, अगदी गंभीरपणे, "तेव्हाही पालीनंतर खेडला मुक्काम ठेवू."

तुम्ही जाणार असाल तर नकाशात महड टाकताना 'खालापूर तालुका' एवढं जरूर जोडा. किंवा नका जोडू.