चूल की अग्निस्थान?

प्रश्न : इथल्या अग्यारीवरून रोज जाणं-येणं आहे. पारशी नसल्यानं आत जाता येत नाही, म्हणून कुतूहल जास्तच. इराणमध्ये उत्खननात प्राचीन अग्निमंदिरं सापडली म्हणतात. पण राख तर चुलीतही असते. मग हे पूजेचं ठिकाण, हे कशावरून ठरवतात? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नुसत्या राखेवरून ठरवत नाहीत. ती कशात होती, हे आधी बघतात. चूल जमिनीलगत असते. तिच्या राखेत हाडांचे तुकडे, खापरं, करपलेले दाणे मिळतात. पूजेचा अग्नी उंचावर ठेवत. पश्चिम इराणमधल्या मलायरजवळच्या नूश-ए-जान टेकाडावर डेव्हिड स्ट्रोनाक यांनी 1967 ते 1977 या काळात उत्खनन केलं. तिथल्या मीडियन, म्हणजे प्राचीन इराणमधल्या मीड लोकांच्या, काळातल्या मंदिरात कच्च्या विटांची, गिलावा केलेली, सुमारे 85 सेंटिमीटर उंच वेदी मिळाली. माथ्यावर उथळ खळगा, त्यात जाळाच्या खुणा. मंदिर बंद करताना ते दगडाच्या चिपांनी नीट भरून टाकलं होतं, म्हणून वेदी शाबूत राहिली.

खरी मेख त्या खळग्यात आहे. चुलीतला निखारा रात्री राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी फुंकर घालून विस्तव करायचा, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांना सांगावं लागत नाही. अखंड अग्नी असाच राखतात. त्याला राखेचा जाड थर लागतो. उथळ खळग्यात तो मावत नाही, तेव्हा नूश-ए-जानचा अग्नी प्रसंगापुरता पेटवत असावेत. पसारगडला, म्हणजे इराणी सम्राट कुरूशच्या (सायरसच्या) राजधानीत, सापडलेल्या दगडी अग्निपात्रांच्या तुकड्यांत मात्र खळगा खोल आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती 'चहारताक' या बांधणीनं. चार खांब, चार कमानी, वर घुमट. असं काही दिसलं की लोक लगेच अग्निमंदिर म्हणून मोकळे होतात. पण हाच आराखडा पुढे थडग्यांनाही वापरला गेला. आज चारही बाजूंनी उघडी दिसणारी वास्तू मुळात तशी असेलच असंही नाही; भोवतीच्या प्रदक्षिणामार्गाच्या भिंती पडून गेलेल्या असतात. म्हणून पायापर्यंत खणून बघावं लागतं.

निर्विवाद पुरावा हवा तर तख्त-ए-सुलेमान. इराणमधल्या तळ्याकाठच्या या सासानी (इस्लामपूर्व इराणच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या) संकुलात मातीच्या मुद्रा मिळाल्या. त्यांवर आदुर गुश्नस्प या अग्नीच्या मोबेदाचा, म्हणजे धर्मगुरूचा, उल्लेख पहलवी या जुन्या इराणी लिपीत आहे. जागेचं नावच हाती लागलं!

कोळशाच्या कार्बन तारखेवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ती लाकूड वाढलं तेव्हाची असते, जाळलं तेव्हाची नव्हे. जुनी तुळई जळणात गेली असेल तर तारीख शे-दोनशे वर्षं मागे जाते.

प्रश्न : आजोबांच्या डब्यात चांदीचं जाडसर, ओबडधोबड नाणं मिळालं. एका बाजूला नुसते ठिपके आणि रेघा. जाणकार 'गधैया' म्हणाले. याचा इराणशी संबंध आहे का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : आहे. त्या रेघा म्हणजे अग्निवेदी! सासानी राजा पेरोझच्या (इ.स. 459–484) नाण्यांवर मधे वेदी आणि दोन्ही बाजूंना दोन सेवक असत. ही नाणी हूणांमार्फत भारतात आली. पश्चिम भारतात नकलेवरून नक्कल होत गेली आणि ज्वाळेचे ठिपके झाले, वेदीच्या खांबाच्या रेघा, सेवकांच्या उभ्या ठिपक्यांच्या ओळी. चंद्रकोर वरच्या अंगाला येईल असं नाणं धरा आणि बॅटरीचा उजेड बाजूनं, तिरपा टाका. वेदी डोळ्यांत भरेल. वजन साधारण 4 ग्रॅमच्या आसपास भरतं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. काळा थर गेला की ठसाही झिजतो. ताडून बघायचं असेल तर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय जवळच आहे.

प्रश्न : पांडवलेण्यांत क्षत्रपांचे लेख आहेत. मग तिथे अग्निपूजा होत होती का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. 'क्षत्रप' ही पदवी इराणी, पण क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं लेणं दिलं ते बौद्ध भिक्षूंना. नहपानाच्या नाण्यांवरही बाण आणि वज्र आहे, वेदी नाही.