अठराची चाकं काढून सतराची घालावीत का?

पारोळ्याजवळच्या एका मंडपवाल्या वाचकाचं पत्र, थोडक्यात असं. घरची डिझेल एसयूव्ही आहे, वरच्या मॉडेलची, 18 इंची अलॉय चाकं. लग्नसराईत तिच्यामागे जनरेटरची दोनचाकी ट्रॉली जोडून शिरपूर, चाळीसगाव, कधी बिजासन घाट चढून सेंधव्यापर्यंत ऑर्डरी करतात. ट्रॉली भरून साधारण 1,500 किलो. वर्षाला 18,000 किलोमीटर. टायर संपलेत, एक अलॉय खड्ड्यात तडकून वेल्डिंग करून आणलंय. भिशीचा नंबर लागला, 75,000 हाती आहेत. 18 चे चार टायर 14,000 प्रमाणे 56,000 ला पडतात. याच गाडीच्या खालच्या मॉडेलला 17 इंची लोखंडी रिम येतात. त्या जुन्या पाच 14,000 मध्ये, टायर 10,500 प्रमाणे पाच, फिटिंग-बॅलन्सिंग-अलाइनमेंट 2,500. जुनी अलॉय 22,000 ला घ्यायला एकजण तयार आहे. आणि टायरवाला म्हणतो, त्यापेक्षा 16 चं घाला, गाडी घाटात खेचेल. शेवटी त्यांनी लिहिलंय, 'गाडी वढस पन रडस, भाऊ. काय करू?'

भाऊ, आधी त्या 16 च्या गोष्टीचा निकाल लावू.

टायरवाला खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. तुमचं आजचं माप 255/60 आर18, म्हणजे चाकाची पूर्ण उंची 763 मिलिमीटर. तो देतोय ते 215/65 आर16, उंची 686. चाक लहान झालं की गिअर न बदलता ओढ वाढते, ते खरं. इथं अकरा टक्क्यांच्या आसपास वाढेल. पण गाडी जमिनीकडे जवळजवळ चार सेंटिमीटर खाली येईल, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, आणि काटा 100 दाखवेल तेव्हा तुम्ही खरे 90 वर असाल. किलोमीटरही फुगीर मोजले जातील. म्हणजे डिझेलचा हिशोब कराल तेव्हा अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटेल, आणि वाढलेलं काहीच नसेल. असले 'वाचलेले' पैसे मी बऱ्याच वह्यांमध्ये पाहिलेत.

खरी अडचण वजनाची. टायरच्या कडेवर मापाशेजारी एक आकडा असतो. 108 म्हणजे एका टायरला 1,000 किलो, 98 म्हणजे फक्त 750. त्या 16 च्या मापात बाजारात सर्रास 98 च मिळतो. आता तुमचं ओझं किती, हे अंदाजाने सांगू नका. जिनिंगच्या किंवा केळीच्या वजनकाट्यावर जा, पावती फाडा. एकदा एकटी गाडी चढवा, आत नेहमीची माणसं आणि वायरची बंडलं असू द्या. मग ट्रॉली जोडून, पण ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून वजन घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे हुकवर बसणारं ओझं. तिसऱ्यांदा ट्रॉली सोडून, पुढची चाकं काट्याबाहेर काढून मागच्या चाकांचं वेगळं वजन घ्या. समजा मागचं 1,300 आलं आणि हुकवर 150. हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने नाक थोडं उचललं जातं, म्हणून मागे 150 नाही, 200 च्या आसपास पडतात. झाले 1,500. दोन टायरांत वाटले तर 750 प्रत्येकी. 98 च्या टायरची मर्यादा तिथंच संपली, आणि अजून खड्डा आलेला नाही. वैशाखात दुपारचा डांबरी रस्ता तर हिशोबात धरलेलाच नाही. 16 चं विसरा.

17 चं वेगळं आहे. 245/65 आर17 ची उंची 750 येते, तुमच्यापेक्षा 13 मिलिमीटर कमी. कंपनीनेच याच गाडीला दिलेलं माप, त्यामुळे ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासण्याची शक्यता नाही. तरी जुन्या रिम घेताना पैसे द्यायच्या आधी एक पुढच्या चाकाला लावून हाताने फिरवून बघा. वजनाचा आकडा 107 म्हणजे 975 किलो, 111 मिळाला तर 1,090. 107 च्या खालचा घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

मात्र ओढ वाढेल या आशेने 17 घेत असाल तर तसं नाही. फरक पावणेदोन टक्क्यांचा, घाटात कळणारही नाही. टायरच्या रबराची उंचीही 153 वरून 159 मिलिमीटर, फक्त सहाने वाढते. 17 चा फायदा दुसरीकडे आहे. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते आणि गावातला पंक्चरवाला ठोकून सरळ करतो. अलॉय तडकतं. वेल्डिंग केलेलं अलॉय मागे दीड टन लावून बिजासनच्या उतारावर? ते चाक मी स्टेपनीलाही ठेवणार नाही.

आता पैसे. 18 चेच चार टायर घेतले तर 56,000, पण तडकलेल्याच्या जागी एक नवं अलॉय लागणारच, ते तुम्ही धरलेलं नाही. 17 ला 14,000 अधिक 52,500 अधिक 2,500, म्हणजे 69,000. कागदावर 13,000 महाग. पण पुढच्या वेळी चार टायरांमागे 14,000 वाचतात. तुमचे टायर 45,000 किलोमीटर चालले असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अडीच वर्षं. अलॉय न विकतासुद्धा पुढच्याच बदलाला हिशोब बरोबरीत येतो. गाडी तेवढी ठेवणार असाल तर 17 घ्या. पाचवी रिम आणि टायर वगळून पैसे वाचवायचा मोह टाळा. वेगळ्या उंचीची स्टेपनी रात्री दोनला लावून जनरेटर ओढणं म्हणजे आगीशी खेळ. कोटेशन जुनं असेल तर पुन्हा मागवा: 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. टायरवरचे शेवटचे चार अंकही वाचा, 3225 म्हणजे 2025 च्या 32 व्या आठवड्यातला माल.

दुकानातला 'बिनव्याजी' हप्ता नको. रोखीचा भाव काय, एवढंच विचारा. व्याज कुठं लपलंय ते तिथंच दिसेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, भाऊ. गाडीच्या चाकांवर दीड पान आहे. ट्रॉलीच्या दोन चाकांवर एक ओळ नाही. त्या टायरांना रिमोल्ड रबर आहे का, किती वर्षांचं आहे, बेअरिंगला ग्रीस शेवटचं कधी भरलं, ट्रॉलीला ब्रेक आहे की थांबवायचं सगळं काम गाडीच करते? 1,500 किलोपैकी जेमतेम दहावा भाग हुकवर येतो, बाकी सगळं त्या दोन चाकांवर. माझ्या ओळखीतल्या एकाची ऑर्डर गेली ती ट्रॉलीचं बेअरिंग जाम होऊन, गाडीचे टायर नवेकोरे होते. वऱ्हाड अंधारात आणि वधूपित्याचे फोन. त्या रात्रीची भरपाई कुठल्याच टायरच्या किमतीत बसत नाही, आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या गावातून ऑर्डर येत नाही ती वेगळीच.

म्हणून अलॉयचे 22,000 घरखर्चात जाऊ देऊ नका. तडकलेलं कुठलं ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगून विका, त्यामुळे थोडे कमी आले तरी चालतील. ते पैसे ट्रॉलीला: दोन टायर, बेअरिंग, मागचे दिवे, आणि ब्रेक नसेल तर ब्रेकचं काम. गॅरेजवाल्याकडून लेखी आकडा घ्या. 22,000 च्या वर गेला तर भिशीतले उरलेले 6,000 आहेत. त्याच्याही वर गेला तर गाडीचे टायर घ्यायला एक महिना थांबा, पण तोवर संपलेल्या टायरांवर ट्रॉली जोडू नका.

दोन कागदी गोष्टी. गाडीच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिलेली असते, ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रॉलीची वेगळी. ती 1,500 ला पुरते का बघा. आणि विमा कंपनीला लेखी विचारा: पांढऱ्या पाटीची गाडी, धंद्याची ट्रॉली, चालेल का? टायरचं माप बदलल्याचंही त्याच पत्रात कळवा. कंपनीच्या मापाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतात, 16 न घेण्याला हेही एक कारण. उत्तर आलं की पावत्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

हवा सकाळी, ऊन चढायच्या आधी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा जो आकडा आहे त्याप्रमाणे. जनरेटर ट्रॉलीवर मागे सरकवून ठेवत असाल तर थोडा पुढे घ्या, नाहीतर ट्रॉली शेपूट हलवायला लागते. काट्याच्या पावत्या झाल्या की आकडे मला पाठवा.