आधी चेसिस, मग इंजिन

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत बदल करून आणि ताकदवान इंजिन बसवून केलेली गाडी, बनवण्यासाठी तुम्ही घेतलेल्या गाडीचे फोटो पाहिले. आधीच्या मालकाने केलेली कापाकापी बघून खचू नका. हॉट रॉडसाठी अशीच गाडी घ्यावी. मूळ रूपातली धडधाकट गाडी कापणं मला पटत नाही.

इंजिन सध्या विसरा. गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर घ्या आणि चेसिसचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, दोन्ही कर्ण मोजा. मापं जुळली नाहीत तर चेसिस तिरकी आहे, ती सरळ होईपर्यंत पुढचं काहीही करू नका. मग जुनं वेल्डिंग तपासा. ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेल्या सांध्यावर विश्वास ठेवू नका, आत धातू एकजीव झालाय की नाही ते वरून कळत नाही. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे संशयास्पद सांधे अनुभवी वेल्डरकडून नव्यानेच करून घ्या.

दुसरं, ब्रेक. १९३२ ची फोर्ड व्ही-८ जेमतेम ६५ अश्वशक्तीची होती आणि तिचे ब्रेक रॉडने चालणारे, यांत्रिक. तशा गाडीत दुप्पट-तिप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं तर हायड्रॉलिक ब्रेक हवेतच.

नवशिके हमखास इथे चुकतात:
- सगळी गाडी एकदम सुटी करतात, भागांना चिठ्ठ्या लावत नाहीत.
- चाकं-टायर शेवटी घेतात. गाडीची उंची आणि बसकण त्यांवरच ठरते, म्हणून ती आधी पक्की करा.
- रंगाची घाई. आधी रंग न देता सगळं जोडा, गाडी चालवून बघा, मग पुन्हा खोलून रंगवा.

छप्पर कापून खाली आणण्याचं नंतर बघू. या आठवड्यात फक्त कर्ण मोजा आणि मापं कळवा.