चॉकलेटचा थर दिलेला पीनट बटर ग्रॅनोला बार नाश्त्याऐवजी चालेल का?

तुमचा मुलगा खेळून आला की रोज हाच बार मागतो, म्हणजे भाजलेल्या ओट्सचा कुरकुरीत ग्रॅनोला आणि पीनट बटर पाकात बांधून केलेली वडी. पाकिटावर ओट्स, शेंगदाणे, प्रोटीन असं सगळं दिसतं, म्हणून सकाळी घाईच्या वेळी नाश्त्याऐवजी तोच दिला तर चालेल का, आणि मुलांना तो एवढा का आवडतो, असं तुम्ही विचारलं आहे. खाऊ म्हणून जरूर द्या, नाश्त्याऐवजी मात्र रोज देऊ नका. मी खाद्यपदार्थ तयार करण्याच्या क्षेत्रात काम करते, असे बार बनवण्यातही माझा हात होता आणि मला स्वतःला हा पदार्थ फार आवडतो. म्हणून त्याच्यात नेमकं काय असतं ते नीट सांगते.

साधारण 40 ग्रॅमचा बार घ्या. त्यात 190 कॅलरीच्या आसपास ऊर्जा, 10 ग्रॅम फॅट, 20 ग्रॅम कर्बोदकं, त्यातली निम्मी साखर, 5 ग्रॅम प्रोटीन आणि दोनेक ग्रॅम फायबर मिळतं. ब्रँडनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण फार नाही. आता तेवढ्याच कॅलरीचे नुसते भाजलेले शेंगदाणे घेतले, म्हणजे 33 ग्रॅम, तर प्रोटीन साडेआठ ग्रॅम मिळतं आणि वरून घातलेली साखर शून्य. बारमध्ये शेंगदाण्याचा चांगुलपणा आहेच, पण त्याच्या सोबतीला साखर आणि चॉकलेटचं फॅट येऊन ताटातली बरीच जागा अडवतात.

साखरेचं गणित मुलांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस धरून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर अधिक चांगलं. रोज 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हा कडक आकडा 25 ग्रॅम होतो. एका बारने त्यातले 10 ग्रॅम संपवले. त्यात सकाळी गोड दूध, दुपारी बिस्किटं आली की हिशेब कुठे जातो ते तुम्हीच पाहा.

ओट्सचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं. ओट्सचा खरा गुण बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या फायबरमध्ये आहे, आणि कोलेस्टेरॉल कमी व्हायला त्याचे दिवसाला 3 ग्रॅम लागतात. बारमध्ये ओट्स 12 ग्रॅम धरले तर बीटा-ग्लुकन जेमतेम अर्धा ग्रॅम येतं. ओट्स हवे असतील तर वाटीभर शिजवून खावेत. प्रोटीनचंही तसंच. धान्य आणि कडधान्य एकत्र आलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं हे आपण ऐकलेलं असतं, पण शेंगदाणा आणि ओट्स दोघांतही लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमीच असतं. म्हणून बारमध्ये ही उणीव भरून काढणारी दूध पावडर किंवा सोया असेल तर मी त्याला जास्त गुण देते.

शेंगदाण्याचं फॅट मात्र चांगलं. त्यातला मोठा भाग असंपृक्त असतो, आणि त्यातही ऑलिव्ह तेलात असतं तेच ओलिक आम्ल सर्वांत जास्त. एक बारकावा आहे. अख्खे दाणे चावून खाल्ले की काही पेशी न फुटताच पुढे जातात आणि त्यातलं थोडं फॅट पचत नाही. बटर करताना दाणे इतके बारीक दळले जातात की जवळपास सगळं फॅट अंगी लागतं. खेळून दमलेल्या मुलाला ते हवंच आहे, बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाने मात्र लक्षात ठेवावं.

आता आवडण्याबद्दल, कारण या पदार्थाची खरी करामत तिथे आहे. शेंगदाणे खरपूस भाजले की त्यात पायराझिन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. कोकोच्या बिया भाजल्या तरी तीच तयार होतात, आणि ओट्स भट्टीत भाजताना तोच खमंगपणा येतो. म्हणजे तिन्ही घटकांचा वास आतून एकमेकांशी जुळलेला असतो, म्हणून एकाच घासात ते इतके एकजीव वाटतात. त्यावर चिमूटभर मीठ पडलं की कडवटपणा दबतो आणि गोडी उठून येते. मीठ नसलेला असा बार मला सपक लागतो.

तोंडातला स्पर्श तर याहून मोठी गोष्ट. पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ते लाळ शोषून टाळूला चिकटतं. नुसतं खाल्लं तर दोन चमच्यांत घशाशी येतं. ग्रॅनोलाचे कुरकुरीत तुकडे तो चिकटा मोडतात. आणि बाहेरचं चॉकलेट? त्यातलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांचं फॅट, 34 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, तोंड त्याहून गरम असतं, त्यामुळे थर आधी कडक लागतो आणि मग जिभेवर पातळ होतो. कडक, मऊ, कुरकुरीत, चिकट, वितळणारं, हे सगळं एका घासात बदलत राहतं. जिभेला कंटाळा येत नाही, म्हणून थांबावंसं वाटत नाही. शिवाय 190 कॅलरी चार-पाच घासांत संपतात, पोटात जागा तशीच राहते. तुमच्या मुलाला दुसरा हवासा वाटतो त्याचं हेही कारण.

चॉकलेटचा थर केवळ चवीसाठी नसतो हेही सांगते. तो हवेतला दमटपणा आत शिरू देत नाही, त्यामुळे ग्रॅनोला सादळत नाही, आणि पाकाने बांधलेला बार हाताला चिकटत नाही. पण थर कशाचा आहे ते वाचायलाच हवं. पुष्कळ बारवर कोको बटरऐवजी पाम किंवा पाम कर्नेल तेलाचा थर असतो, त्यात रंगापुरती कोको पावडर. पाम कर्नेल तेलात संपृक्त फॅट, म्हणजे सहसा वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारं फॅट, 80 टक्क्यांच्या आसपास, कोको बटरमध्ये 60 टक्क्यांच्या, आणि कोको बटरमधल्या स्टिअरिक आम्ल या संपृक्त फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढत नाही. चवीतही फरक कळतो, काही स्वस्त थर तोंडात मेणासारखे रेंगाळतात.

गंमत म्हणजे ग्रॅनोला आणि पीनट बटर या दोन्ही गोष्टी रुग्णांच्या आहारातून आल्या. जेम्स कॅलेब जॅक्सन या डॉक्टरने 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या आरोग्यधामात गव्हाच्या जाड पिठाचा, दोनदा भाजलेला पदार्थ केला. तो इतका कडक होता की रात्रभर भिजवावा लागे. पुढे जॉन हार्वी केलॉगनेही आपल्या आरोग्यधामात तसाच पदार्थ केला आणि ग्रॅनोला हे नाव रुळवलं. त्याच केलॉगने 1895 साली दाण्यांच्या बटरच्या पेटंटसाठी अर्ज केला. चॉकलेट आणि पाक नंतर आले.

निवडताना पुढची जाहिरात सोडा आणि मागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. शेंगदाणे किंवा पीनट बटर पहिल्या दोनांत असेल तर उत्तम. साखर, ग्लुकोज सिरप, मध, इन्व्हर्ट सिरप अशी गोडी तीन-चार नावांनी विखुरलेली असेल तर सगळी मनात एकत्र धरा, कारण मिळून तीच पहिल्या नंबरवर जाऊ शकते. प्रोटीन 5 ग्रॅमहून जास्त आणि साखर 8 ग्रॅमहून कमी असा बार मिळाला तर मी तो निर्धास्त घेते.

तुमच्या मुलासाठी माझा सल्ला असा: खेळून आल्यावर अर्धा बार, सोबत एक फळ आणि पाणी. सकाळी अगदीच वेळ नसेल त्या दिवशी पूर्ण बार द्या, पण त्याबरोबर दूध किंवा अंडं असू द्या. आणि तो मित्रांबरोबर वाटून खात असेल तर त्यांच्यापैकी कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, एवढं त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. ती अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते आणि त्यासाठी छोटासा तुकडाही पुरतो.