भाडेकरू जुना, भाडं 800 रुपये: वाढवायचं कसं?

प्रश्न: आमचं घर महाराष्ट्रात, नगरपालिकेच्या हद्दीत आहे. सासऱ्यांनी 1988 साली मागच्या दोन खोल्या एका कुटुंबाला भाड्याने दिल्या, सगळं तोंडी. मूळ भाडेकरू वारले. त्यांचा मुलगा जन्मापासून तिथेच राहतो. भाडं 800 रुपये, गेली बारा वर्षं तेवढंच. तो वेळेवर देतो, माणूस वाईट नाही. पण घरपट्टी वाढली, छप्पर गळतंय. माझा पुतण्या म्हणतो, त्याची अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सही घ्या, ऐकला नाही तर पाणी तोडा. मला भांडण नको, पण 800 रुपयांत भागतही नाही.

उत्तर: ताई, पाण्याला हात लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूची अत्यावश्यक सोय तोडणं हा गुन्हा आहे. कोर्ट ती सोय परत सुरू करायला लावतं, आणि तोवर शेजारीपाजारी सगळे त्याच्या बाजूचे झालेले असतात.

अकरा महिन्यांचा कागद, म्हणजे भाडेहक्क न देता नुसती राहण्याची परवानगी देणारा करार, दिसायला सोपा आहे. पण वडिलांच्या पश्चात, त्यांच्यासोबत राहणारा मुलगा म्हणून तो आज कायद्याने भाडेकरूच आहे. त्याच खोलीत, त्याच सामानासकट बसलेल्या माणसाची एका कागदावर सही घेतली म्हणून तो लायसन्सी होत नाही. कोर्ट कागदाचं शीर्षक बघत नाही, प्रत्यक्ष ताबा कसा आहे ते बघतं. माझ्याकडे असे कागद घेऊन येणारे मालक बहुतेक वेळा दावा हरल्यावरच येतात.

आता भाडं. कलम 11 खाली तुम्हाला वर्षाला 4 टक्के वाढ करता येते. म्हणजे 800 चे 832. तुमचा चेहरा पडला असेल, मला कल्पना आहे. पण वरचे हजार-दोन हजार 'आपापसात' पावतीशिवाय घ्यायचे, हा मार्ग सुचवणारे भेटतील. तो बेकायदा आहे, आणि उद्या बिनसलं की तोच मुलगा ते कोर्टात सांगेल.

तुमचा खरा आर्थिक वाव 4 टक्क्यांच्या बाहेर आहे. पालिकेच्या करात जी वाढ झाली, त्यातला त्या दोन खोल्यांवर येणारा हिस्सा कलम 12 खाली भाड्यात घालता येतो. वाढ जेवढी, तेवढीच. त्यासाठी घरपट्टीची जुनी आणि नवी बिलं शेजारी शेजारी ठेवून हिशेब मांडा. भाडेकरूच्या लेखी संमतीने खोल्यांत काही सुधारणा केलीत, उदाहरणार्थ स्वतंत्र संडास बांधून दिलात, तर खर्चाच्या 15 टक्क्यांपर्यंतची रक्कम वर्षाच्या भाड्यात वाढवता येते. गळतं छप्पर मात्र यात घुसवू नका. घर राहण्याजोगं ठेवणं हे कलम 14 प्रमाणे तुमचंच काम आहे.

आणि इथेच तुमच्या हातात काहीतरी आहे. त्याला छप्पर हवंय, तुम्हाला वाढ हवीय. आधी त्याला घरी बोलवा, बिलं समोर ठेवा, मग साधं पत्र द्या: 'पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त करून देत आहे. पुढील महिन्यापासून भाडे 832 रुपये, अधिक कराच्या वाढीतील आपला हिस्सा इतका. हिशेब सोबत जोडला आहे.' बस. बारा वर्षांची वाढ एकदम थकबाकी म्हणून मागू नका. इतकी वर्षं तुम्हीच 800 घेत आलात, आणि बारा वर्षांच्या आकड्याने सुरू झालेलं बोलणं वकिलाच्या नोटिशीपर्यंत जाऊनच थांबतं.

पत्रात एक वाक्य चुकूनही लिहू नका: 'वाढ मान्य नसेल तर आम्हाला मुलीसाठी खोल्या लागणार आहेत.' उद्या खरंच मुलगी परत आली आणि कलम 16 खाली स्वतःच्या गरजेसाठी खोल्या मागायची वेळ आली, तर समोरचा वकील हेच पत्र काढेल: जास्त भाडं मिळालं असतं तर गरज नव्हतीच, असा त्याचा अर्थ होतो. त्या दाव्यात गरज सिद्ध झाली तरी कोर्ट खोल्या दिल्या तर कोणाला, आणि न दिल्या तर कोणाला जास्त त्रास होईल हेही तोलतं. तेव्हा गरज असेल तेव्हा गरजेचं बोला, भाड्याचं असेल तेव्हा भाड्याचं.

त्याला कुठे दुसरीकडे जायचं असेल, तर तोही रस्ता मोकळा आहे. भाडेहक्क सोडण्याबद्दल भाडेकरूने पैसे घेणं कलम 56 मुळे कायदेशीर आहे. लोकांना अजून ते चोरून करायचं काम वाटतं. फक्त रक्कम बँकेतून द्या आणि किल्ली त्याच दिवशी, लेखी ताबापावतीवर घ्या.

तो राहिला, भाडेवाढीचं जमलं आणि अटी लिहून काढल्यात, तर त्या नोंदवा. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि भाड्याची पावती? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख कुठे नाही. देत नसाल तर या महिन्यापासून सुरू करा. तीही कायद्याने सक्तीची आहे.